पाण्याखालचा इतिहास : शोधायचा कसा, बघायचा कसा, टिपायचा कसा (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मालवण ते गोवा या पट्ट्यात मी बरीच वर्षं डाइव्ह करतो, फोटो काढतो. बुडालेली जहाजं, दगडी नांगर, जुन्या बंदरांचे अवशेष हा माझा खास जिव्हाळ्याचा विषय. त्यावर लोक तेच तेच प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरं एकदा सविस्तर लिहून काढली.

आपल्याकडे पाण्याखाली बघण्यासारखं खरंच काही आहे का?

आहे, आणि भरपूर आहे. हजारो वर्षं व्यापार चाललेला हा किनारा आहे. सोपारा, चौल, दाभोळ, विजयदुर्ग, गोवा ही सगळी गजबजलेली बंदरं होती. जिथे जहाजं येतात तिथे काही बुडतात, काहींचे नांगर तुटून तळाशी राहतात. गोव्याच्या दोनापावला इथल्या राष्ट्रीय समुद्र विज्ञान संस्थेने १९८० च्या दशकापासून गुजरात, महाराष्ट्र, गोवा, लक्षद्वीप, तमिळनाडू अशा अनेक ठिकाणी पाण्याखाली उतरून नोंदी केल्या आहेत. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा पाण्याखालच्या पुरातत्त्वाचा स्वतंत्र विभागही २००१ पासून आहे.

फक्त एक अपेक्षा आधीच सोडून द्या. पाण्यात बुडालेलं अख्खं शहर, कमानी, उभे खांब, मूर्ती असं चित्र मनात घेऊन उतरलात तर निराश व्हाल. बहुतेक ठिकाणी शेवाळ आणि कालवांनी मढलेले दगड दिसतात, आणि त्यातला एखादा दगड जरा जास्तच चौकोनी असतो. तो ओळखता येणं हीच यातली खरी मजा आहे.

विजयदुर्गची पाण्याखालची भिंत खरी की दंतकथा?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. विजयदुर्गावर चालून आलेली शत्रूची जहाजं किल्ल्याजवळ येताच फुटायची, कारण मराठ्यांनी पाण्याखाली भिंत बांधून ठेवली होती, असं गावात पिढ्यान् पिढ्या सांगतात. किल्ल्याच्या पश्चिमेला समुद्रात दगडांची एक लांबलचक रचना आहे. तिची लांबी सुमारे १२२ मीटर सांगितली जाते. तिच्याविषयी लिहिलंही गेलं आहे. मात्र जहाजं फुटण्याच्या कथेला आणि त्या रचनेला दोन वेगळ्या गोष्टी समजून वाचावं, असं माझं स्पष्ट मत आहे. जांभा आणि कातळ या किनाऱ्यावर इतक्या सरळ रेषेत फुटतो की नुसत्या डोळ्यांना निसर्ग आणि गवंडी यांतला फरक कळत नाही.

मला स्वतःला भिंतीपेक्षा विजयदुर्गच्या खाडीचं जास्त आकर्षण आहे. १७५६ च्या फेब्रुवारीत इंग्रजांनी हल्ला केला तेव्हा तुळाजी आंग्र्यांचं आरमार याच बंदरात जळालं. गुराबा, गलबतं, सगळं गेलं. जवळच गिर्ये इथे मराठा आरमाराची गोदी आजही ओहोटीला चालत जाऊन बघता येते. विजयदुर्गच्या पाण्यात दगडी नांगरही मिळाले आहेत. म्हणजे भिंतीचा वाद बाजूला ठेवला तरी ही जागा श्रीमंतच आहे.

द्वारका? तिथे डाइव्ह करता येते का?

पुरातत्त्वज्ञ डॉ. एस. आर. राव यांच्या नेतृत्वाखाली १९८० च्या दशकात द्वारका आणि बेट द्वारका इथे मोठं काम झालं. बेट द्वारकेला तीन डोक्यांचा प्राणी कोरलेली शंखाची मुद्रा मिळाली. द्वारकेच्या समुद्रात घडीव दगड आणि मोठ्या संख्येने दगडी नांगर मिळाले. राव यांनी त्याचा संबंध महाभारतातल्या द्वारकेशी जोडला. त्यांच्यानंतर काम केलेल्या संशोधकांनी समुद्रातल्या दगडी बांधकामाकडे बंदराचे अवशेष म्हणून पाहिलं आणि त्यांचा काळ बराच अलीकडचा मानला. २०२५ मध्ये पुरातत्त्व सर्वेक्षणाने तिथे पुन्हा काम सुरू केलं.

द्वारकेच्या पंचकुई किनाऱ्याजवळ २०२४ च्या फेब्रुवारीत पंतप्रधानांनी बुडी घेतली, तेव्हापासून विचारणा खूप वाढली आहे. जायचं तर श्रद्धेने जा, पण डोळे उघडे ठेवून जा. इतके नांगर एका ठिकाणी पडलेले आहेत, याचा अर्थ शतकानुशतकं तिथे जहाजं थांबत होती. माझ्या मनाला हीच गोष्ट सगळ्यात भिडते.

गोव्यात कोणती बुडालेली जहाजं बघता येतात?

हौशी डाइव्हरला नेतात ते प्रामुख्याने ग्रँड आयलंडजवळ, 'सुझीज रेक' नावाने ओळखल्या जाणाऱ्या जहाजाकडे. खोली बेताची आणि मासे भरपूर. पहिल्यांदा बुडालेलं जहाज बघायला ही जागा उत्तम.

अभ्यासाच्या दृष्टीने मोलाच्या जागा वेगळ्या आहेत. मुरगावजवळच्या सुंची रीफवर (रीफ म्हणजे पाण्याखालची खडकांची रांग) सतराव्या शतकातल्या पोर्तुगीज जहाजाचे अवशेष मिळाले. तोफा, हस्तिदंत, पाणघोड्याचे दात, चिनी मातीच्या भांड्यांचे तुकडे असं सगळं एकाच ठिकाणी होतं. आता ही यादी पुन्हा वाचा. आफ्रिकेतले दात आणि चीनची भांडी गोव्याच्या दारात येऊन बुडाली! एका जहाजाच्या पोटात अर्ध्या जगाचा व्यापार होता. सेंट जॉर्जेस रीफवर कौलं आणि विटा मिळाल्या, त्यांवर 'बासेल मिशन टाइल वर्क्स १८६५' असा छाप आहे. त्या एका छापामुळे हे जहाज १८६५ च्या आधी बुडालेलं असणं शक्य नाही, हे नक्की झालं. एमी शोल्स या उथळ जागी वाफेच्या इंजिनाच्या जहाजाचे अवशेष आहेत.

या अभ्यासाच्या जागांवर पर्यटकांना नेत नाहीत आणि न्यायलाही नको.

नवी, कुणाला माहीत नसलेली जागा शोधायची कशी?

उत्तर सगळ्यांना अनपेक्षित वाटतं : पाण्यात उतरण्याआधी जमिनीवर.

पहिली पायरी मच्छीमार. समुद्राचा तळ त्यांच्याइतका कुणालाच माहीत नाही. सपाट चिखलात एखाद्याच ठिकाणी जाळं अडकतं, फाटतं आणि तिथेच मासा जास्त मिळतो, तेव्हा तळाशी काहीतरी उभं आहे हे नक्की. एका म्हाताऱ्या तांडेलांनी मला होडीतून बोट दाखवून सांगितलं होतं, "थंय जाळां टाकू नको, फाटतलां." त्यांच्याकडे जीपीएस नव्हतं. किनाऱ्यावरचं देवळाचं शिखर मागच्या डोंगराच्या खाचेत आलं आणि दुसऱ्या बाजूला माडांची रांग किल्ल्याच्या बुरुजाआड गेली की ती जागा. खोली त्यांनी वावात (पसरलेल्या दोन हातांच्या मापात) सांगितली. आम्ही यंत्र लावून बघितलं तर खोलीत अर्ध्या मीटरचाही फरक नव्हता. तळाशी निघालं ते एका साध्या मालवाहू होडीचा सांगाडा, फार जुना नव्हे, पण जागा अचूक होती.

तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर १९८२ मध्ये हेच घडलं. स्पंज काढणाऱ्या एका पाणबुड्याने 'कान असलेली धातूची बिस्किटं' दिसल्याचं सांगितलं. त्या तांब्याच्या लगडी निघाल्या आणि उलुबुरुनचं कांस्ययुगातलं जहाज जगासमोर आलं. त्या पाणबुड्याचं बोलणं कुणीतरी नीट ऐकून घेतलं, म्हणून ते शक्य झालं. तेव्हा बंदरावर जाऊन बसा, चहा प्या, घाई करू नका. पहिल्या दिवशी कुणीही काही सांगत नाही आणि सांगूही नये.

दुसरी पायरी कागद. जुने सागरी नकाशे, गॅझेटियर, पोर्तुगीज आणि इंग्रजी दफ्तरं. स्वीडनचं १६२८ मध्ये बुडालेलं वासा जहाज अँडर्स फ्रांझेन यांनी १९५६ मध्ये शोधलं, ते आधी दफ्तरं धुंडाळून आणि मग स्टॉकहोम बंदराच्या तळातून लाकडाचे नमुने काढून. आपल्याकडे पेशवे दफ्तर आहे, गोव्याचं पुराभिलेख खातं आहे. मोडी वाचता येत असेल तर तुमच्यासारखा भाग्यवान नाही.

तिसरी पायरी ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी जितकं चढतं तितकंच ते मागेही हटतं. त्या एक-दोन तासांत जुन्या धक्क्यांचे पाये, खडकातली नांगर बांधायची भोकं उघडी पडतात. त्यासाठी ऑक्सिजनची नव्हे, चांगल्या चपलांची गरज असते. तसंही टाकीत ऑक्सिजन नसतो, साधी दाबून भरलेली हवा असते. हा गैरसमज इतका पसरला आहे की इथे सांगून टाकतो.

सोनार (ध्वनिलहरींनी तळाचं चित्र काढणारं यंत्र) वगैरे यंत्रं सगळ्यात शेवटी. ती संस्थांचं काम आहेत, भाडंही आपल्या आवाक्यातलं नसतं.

दिसलं ते माणसाने बांधलेलं आहे की नैसर्गिक, कसं ओळखायचं?

जपानच्या योनागुनी बेटाजवळ १९८६ मध्ये एका डाइव्हरला पायऱ्या-पायऱ्यांचा प्रचंड खडक दिसला. काहींना तो माणसाच्या हातचा वाटतो. बहुतेक भूगर्भशास्त्रज्ञ मात्र वाळूच्या खडकाला नैसर्गिक भेगा अशाच काटकोनात पडतात असं म्हणतात. बहामातल्या बिमिनी रस्त्याचंही, म्हणजे तिथल्या समुद्रतळावरच्या दगडांच्या सरळ रांगेचंही, तेच. नुसता सरळ कोन हा पुरावा होत नाही.

मी स्वतः तीन गोष्टी बघतो. दगडावर छिन्नीचे घाव आहेत का? दोन दगडांमध्ये चुना, शिसं किंवा सांधा आहे का? सिंधुदुर्गाच्या पायात शिसं ओतलं होतं, त्यामुळे आपल्याला ही खूण ओळखीची असायला हवी. आणि हा दगड इथला आहे का? जांभ्याच्या किनाऱ्यावर अचानक गुळगुळीत ग्रॅनाइटचा तुकडा भोकासकट दिसला तर तो कुणीतरी आणलेला आहे.

खंभातच्या आखाताची गोष्टही लक्षात ठेवा. २००१ मध्ये तिथे सोनारवर भौमितिक आकार दिसले, तळ खरवडून काही वस्तू वर काढल्या आणि त्यातल्या लाकडाच्या तुकड्याचं वय सुमारे साडेनऊ हजार वर्षं निघालं. केवढी चर्चा झाली! पण खरवडून काढलेला लाकडाचा तुकडा नेमका कुठे, कशाच्या शेजारी होता हे सांगता येत नाही. नदी जुनं लाकूड कुठूनही वाहून आणते. त्यामुळे अनेक पुरातत्त्वज्ञांनी तो दावा मानला नाही.

पोहता येत नाही. जमेल?

मालवण-तारकर्लीला पोहता न येणाऱ्यांना प्रशिक्षक हाताला धरून खाली नेतात. माशांसाठी ते छान आहे. पण पुरातत्त्वाच्या जागी असं उतरू नये. पाण्यात अधांतरी स्थिर राहता येत नसेल तर माणूस आधारासाठी हाताला लागेल ते धरतो, आणि तिथे जे असतं ते तीनशे वर्षं कुणी हलवलेलं नसतं.

आधी ओपन वॉटर कोर्स, म्हणजे स्कूबाचा प्राथमिक कोर्स, करा. त्यावर १८ मीटरपर्यंत जाता येतं, आणि आपल्या किनाऱ्यावरची बहुतेक ठिकाणं त्याच्या आतच आहेत. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे. दमा, कानाचा त्रास किंवा हृदयविकार असेल तर आधी डॉक्टर. जहाजाच्या आत शिरणं हे वेगळं प्रशिक्षण आहे, ते नसेल तर आत डोकंही घालू नका.

मुंबई-पुणे-कोल्हापूरकरांसाठी खास सूचना : विमानात बसायचं असेल तर एका डाइव्हनंतर किमान १२ तास आणि अनेक डाइव्ह केल्या असतील तर १८ तास थांबतात, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. घाटाचं कुणाच्या डोक्यात येत नाही. दुपारची डाइव्ह आटोपून लगेच गाडी काढून आंबोली चढलात तर तुम्ही सुमारे ७०० मीटर उंचीवर जाता, आणि उंचीवर हवेचा दाब कमी झाला की डाइव्हमध्ये शरीरात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होऊ शकतात; त्याला ते विमान की घाट हे कळत नाही. मुक्काम करा, सकाळी निघा.

कधी यावं?

पावसाळ्यात सगळं बंद. ऑक्टोबरात पाणी हळूहळू निवळतं. नोव्हेंबर ते मार्च चांगले, त्यातही भांगाचे दिवस निवडा, म्हणजे सप्तमी-अष्टमीच्या आसपासचे. तेव्हा भरती-ओहोटीचा जोर कमी असतो आणि गाळ खाली बसतो. दिनदर्शिकेवर तिथी बघून डाइव्ह ठरवणं ही इथली खरी युक्ती आहे.

पाणी गढूळ असतं. फोटो कसे काढायचे?

कोकणात तीन ते आठ मीटर दिसलं तर दिवस चांगला. लक्षद्वीपमध्ये वीस-तीस मीटर दिसतं. तिथले फोटो बघून इथे आलात तर पहिल्याच दिवशी कॅमेरा बॅगेत ठेवाल. त्याऐवजी पद्धत बदला.

जवळ जा, मग आणखी जवळ जा. तुमच्या आणि वस्तूच्या मध्ये जेवढं पाणी कमी तेवढा फोटो स्वच्छ. म्हणून रुंद कोनाची लेन्स हवी, झूम नको. पाण्यात वस्तू जवळ आणि मोठी भासते, तेव्हा 'आलोच' असं वाटलं की अजून थोडं पुढे सरका. लाल रंग पाच मीटरच्या आसपासच जवळजवळ नाहीसा होतो. गंजलेली तोफ वरून हिरवट-करडा ओंडका दिसते, दिवा टाकला की एकदम तांबूस-भगवी उजळते. तो क्षण मी आजही अधाशासारखा बघतो. दिवा किंवा फ्लॅश मात्र लेन्सच्या शेजारी ठेवू नका, दोन्ही हात फाकवून बाजूने प्रकाश द्या. नाहीतर पाण्यातला प्रत्येक कण चमकतो आणि फोटोत बर्फ पडल्यासारखं दिसतं.

आणि पाय! मी सुरुवातीला एका दगडी नांगरापाशी उत्साहात गुडघे टेकून बसलो. मागे फिन्स (पायातली रबरी वल्ही) हलत होत्या, त्या लक्षातच आल्या नाहीत. क्षणात गाळाचा ढग उठला. सोबत आलेल्या चौघांना पुढची वीस मिनिटं काहीही दिसलं नाही आणि हवा संपत आल्यावर सगळे वर आलो. होडीत कुणी मला एक शब्द बोललं नाही. त्यानंतर सहा महिने मी फक्त तरंगायला शिकलो, कॅमेरा घरी ठेवून.

आता नोंदीचा फोटो. सुंदर फोटो आणि उपयोगी फोटो हे वेगळे असतात, दोन्ही काढा. उपयोगी फोटोत वस्तूशेजारी काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची मोजपट्टी हवी, दहा किंवा वीस सेंटिमीटरची, वस्तूला न टेकवता ठेवलेली. उत्तर दिशेचा बाण हवा. आधी सगळ्या जागेचा, मग वस्तू आणि तिच्या आजूबाजूचा, मग जवळचा असा क्रम ठेवा. त्रिमितीय मॉडेल करायचं असेल तर शेतात नांगर फिरवतात तसं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत संथ जा, प्रत्येक फोटो आधीच्या फोटोवर सत्तर-ऐंशी टक्के चढला पाहिजे. मग आडव्या दिशेने तेच. गढूळ पाण्यातसुद्धा अशा शेकडो छोट्या फोटोंतून अख्खी जागा एका चित्रात उभी राहते, जी प्रत्यक्षात कुणालाच एका नजरेत दिसलेली नसते.

कॅमेरा कोणता घ्यावा?

सुरुवातीला साधा ॲक्शन कॅमेरा आणि एक बरा दिवा पुरतो. पैसे दिव्यावर घाला. मोठा कॅमेरा घेतलात तर त्याच्या जलरोधक केसिंगच्या रबरी रिंगवर एक केसही राहू देऊ नका, नाहीतर पाणी आत शिरतं.

एखादी छोटी वस्तू आठवण म्हणून आणली तर काय बिघडतं?

एक गोष्ट सांगतो. कोकणातल्या एका घराच्या मागीलदारी मी कपडे धुवायचा दगड बघितला. त्रिकोणी, वर एक गोल भोक, खाली दोन चौकोनी. साबणाने पांढरट झालेला. तो जहाजाचा दगडी नांगर होता, काही शतकं जुना. मी घरातल्या आजींना विचारलं, हा कुठून आणला? त्या म्हणाल्या, सासऱ्यांनी समुद्रातून आणला. समुद्रात कुठून? ते सासऱ्यांनाच ठाऊक, आणि सासरे जाऊन चाळीस वर्षं झाली होती. जहाज कुठे थांबायचं, एकटाच नांगर होता की शेजारी आणखी दहा होते, हे सगळं त्या माणसाबरोबर गेलं. उरला एक भोकं असलेला दगड. त्यांचा काही दोष नाही, त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. आपल्याला माहीत आहे.

शिवाय वस्तू टिकतही नाही. समुद्रातून काढलेलं लोखंड आतल्या क्षारांमुळे हवेत पापुद्रे सुटून फुटतं. लाकूड वाळताना आक्रसतं, तडकतं. वासा जहाज १९६१ मध्ये वर काढल्यावर त्याच्या लाकडावर १७ वर्षं रसायन फवारावं लागलं. तुमच्या शोकेसमध्ये ते होणार नाही.

कायदाही स्पष्ट आहे. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी वस्तू ही पुरावस्तू ठरते, तिचा व्यापार आणि निर्यात यांवर बंधनं आहेत. १८७८ च्या निखात निधी कायद्यात तर दहा रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा सापडला तरी जिल्हाधिकाऱ्यांना कळवायला सांगितलं आहे.

परवानगी लागते का?

नेहमीच्या पर्यटनाच्या जागी होडीवाले आणि डाइव्ह केंद्रं यांच्याकडे परवाने असतात, ते आधी बघून घ्या. सिंधुदुर्ग आणि विजयदुर्ग हे केंद्राच्या संरक्षणाखालचे किल्ले आहेत. मालवणचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. खणणं, खरवडणं, दगड उलटवणं हे कुठेही चालत नाही. नौदल आणि बंदरांच्या हद्दीत डाइव्ह किंवा ड्रोन आपल्या मनाने नको. लक्षद्वीपला तर बेटावर जायलाच परवाना लागतो. तिथे बंगारमजवळ 'प्रिन्सेस रॉयल' या जहाजाचं उत्खनन पुरातत्त्व सर्वेक्षणाने केलं होतं.

डाइव्ह न करता पाण्यातलं जुनं बघता येईल?

का नाही! उजनी धरणाचं पाणी उन्हाळ्यात खाली गेलं की इंदापूर तालुक्यात पळसदेवचं पळसनाथाचं मंदिर वर येतं. पवना धरणात वाघेश्वर मंदिराचंही तसंच. गोव्यात साळावली धरणाखाली गेलेलं कुर्डी गाव मे महिन्यात उघडं पडतं. गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकरांचं हे गाव. त्या दिवसांत जुने गावकरी परत येतात, आपापल्या घरांच्या जोत्यांवर उभे राहतात. तिथलं महादेवाचं प्राचीन मंदिर धरणापूर्वी दगड न् दगड सोडवून दुसरीकडे पुन्हा उभारलं होतं. कॅमेरा असेल तर एखादा मे महिना कुर्डीसाठी ठेवा, आणि तिथे आधी माणसांशी बोला, फोटो नंतर.

परदेशात एकच ट्रिप करता येणार असेल तर?

इटलीतलं बाया. नेपल्सजवळचं रोमन श्रीमंतांचं हे विश्रांतीचं गाव ज्वालामुखीच्या पट्ट्यातली जमीन खचल्याने पाण्याखाली गेलं. पाच-सहा मीटरवर संगमरवरी तुकड्यांची फरशी, वाटाड्या हाताने वाळू बाजूला सारतो आणि खालून नक्षी वर येते. नवशिक्यालाही झेपतं. अनुभवी असाल तर ग्रीसमधल्या अलोनिसोसजवळचं पेरिस्टेरा, तिथे इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातल्या जहाजाचे हजारो मद्यकुंभ जागच्या जागी रचलेले दिसतात.

समजा मला खरंच काही सापडलं. पुढे काय करू?

हात लावू नका. वरून, बाजूने, मोजपट्टीसह फोटो घ्या. खोली आणि वेळ पाण्यात लिहिता येणाऱ्या पाटीवर लिहा. वर आल्यावर जीपीएस नोंद घ्या, आणि जमिनीवरच्या दोन खुणाही लिहून ठेवा, तांडेलांसारख्या. फोटोतली ठिकाणाची माहिती काढून टाकल्याशिवाय तो कुठेही टाकू नका, कारण लुटारूही हेच फोटो बघतात. मग दोनापावलाची समुद्र विज्ञान संस्था, पुरातत्त्व सर्वेक्षणाचं जवळचं मंडल कार्यालय किंवा राज्य पुरातत्त्व खातं यांना लेखी कळवा, पोच घ्या. उत्तर यायला वेळ लागतो. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा विचारा. त्या मधल्या काळात ज्या मच्छीमाराने जागा दाखवली त्याला फोटो नेऊन दाखवा. आपलं जाळं इतकी वर्षं कशाला अडकत होतं हे बघायचा पहिला मान त्याचा आहे.